चुंबकीय नॅनोफ्लुइडमधले सूक्ष्मजीव: सॉल्व्हर ठीक आहे, पण आकडे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताणल्या जाणाऱ्या सपाट पृष्ठावर पाण्यावर आधारित चुंबकीय नॅनोफ्लुइड (नॅनोकण मिसळलेला द्रव) आहे आणि त्यात जायरोटॅक्टिक सूक्ष्मजीव, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि प्रवाहाचा कातर यांच्या तोलातून पोहण्याची दिशा ठरणारे जीव, पोहताहेत. सीमास्तराची (पृष्ठालगतच्या पातळ थराची) समीकरणं सिमिलॅरिटी रूपांतराने, म्हणजे दोन अंतरांऐवजी एकच एकत्रित चल घेऊन, साध्या विकलक समीकरणांत आणून मॅटलॅबच्या बीव्हीपी४सी या सॉल्व्हरने सोडवली आहेत. चुंबकीय पॅरामीटर (एम) वाढवला की नुसेल्ट संख्या, म्हणजे पृष्ठावरच्या उष्णता-संक्रमणाचं परिमाणरहित माप, घटते. शोधनिबंधाच्या परीक्षकाने विचारलंय की उत्तर पडताळलं कसं आणि त्याचा भौतिक अर्थ काय. आता पद्धत बदलून केलर बॉक्स किंवा शूटिंग ही दुसरी संख्यात्मक पद्धत वापरावी का, असा विचार चालू आहे.

पद्धत बदलू नका, त्याने काहीच साधणार नाही. बीव्हीपी४सी ही चौथ्या क्रमाची कोलोकेशन पद्धत आहे, केलर बॉक्स दुसऱ्या क्रमाची, शूटिंगमध्ये रुंगे-कुट्टा आणि न्यूटन. जाळी पुरेशी बारीक असेल तर तिन्ही पद्धती चार दशांशांपर्यंत एकच आकडा देतील, आणि तो आकडा तुम्ही लिहिलेल्या समीकरणांचा असेल. समीकरणं पाण्याला, लोहकणांना आणि शैवालाला लागू आहेत की नाहीत, हे कुठलाही सॉल्व्हर सांगणार नाही. या विषयात गडबड होते ती तिथे.

तरी पडताळणी आधी उरकून घेऊ, कारण ती इथे फुकटात मिळते. बहुतेक शोधनिबंधांत दुसऱ्या एखाद्या निबंधाचा तक्ता घेऊन त्याच्याशी आपले आकडे जुळवलेले असतात. या प्रश्नाला नेमकं उत्तर उपलब्ध असताना तसं कशाला करायचं? क्रेनने १९७० मध्ये दाखवलं की रेषीय वेगाने ताणल्या जाणाऱ्या पृष्ठावरचा प्रवाह एका घातांकी फलाने पूर्ण सुटतो. एकसमान चुंबकीय क्षेत्राचं लॉरेंट्झ बल त्यात घातलं तरी सूत्र टिकतं: पृष्ठावरचा परिमाणरहित कातर म्हणजे उणे वर्गमूळ (१ + एम). एम १ असेल तर उणे १.४१४२, ३ असेल तर उणे २, ८ असेल तर उणे ३. तुमच्या कोडने हे आकडे सहा दशांशांपर्यंत दिले नाहीत तर पुढे जाऊच नका.

तापमानाचंही तसंच. नॅनोकणांच्या ब्राउनियन (यादृच्छिक) हालचालीची आणि थर्मोफोरेसिसची (तापमानाच्या उतारामुळे कण सरकण्याची) पदं शून्य करा, उष्णतानिर्मितीची पदं काढून टाका, पृष्ठाचं तापमान स्थिर ठेवा. प्रांटल संख्या (गतिक व्हिस्कॉसिटी भागिले उष्णतेचा विसरण गुणांक) १ आणि एम शून्य असताना पृष्ठावरचा तापमान-उतार बरोबर १ भागिले (इ − १), म्हणजे ०.५८२० येतो; इथे इ म्हणजे २.७१८. प्रांटल ०.७ ला ०.४५३९, २ ला ०.९११४, ७ ला १.८९५४. चुंबकीय क्षेत्र असतानाची पडताळणी फारशी कुणी छापत नाही, पण ती कागदावर चार ओळींत निघते. सिमिलॅरिटी चल वर्गमूळ (१ + एम) ने गुणून पाहा. ऊर्जेचं समीकरण पुन्हा चुंबकाशिवायचंच होतं, फक्त प्रांटलच्या जागी प्रांटल भागिले (१ + एम) येतं, आणि येणारा उतार पुन्हा त्याच वर्गमुळाने गुणायचा. प्रांटल ७ आणि एम २.५ घ्या: प्रभावी प्रांटल २, म्हणून उत्तर १.८७०८ गुणिले ०.९११४, म्हणजे १.७०५. एम ९ घेतला तर प्रभावी प्रांटल ०.७ आणि उत्तर सुमारे १.४३५.

परीक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. चुंबकीय बल प्रवाहाला रोखतं, पृष्ठाकडे ओढला जाणारा थंड द्रव वर्गमूळ (१ + एम) पटीने कमी होतो, औष्णिक सीमास्तर जाड होतो आणि उतार कमी होतो. एम शून्यावरून ९ वर नेला तरी प्रांटल ७ ला घट सुमारे २४ टक्के. तुमच्या आलेखात ती ६० टक्के दिसत असेल तर बाकीची घट दुसऱ्या कुठल्या तरी पदातून येते आहे, आणि ते पद कोणतं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

गणनेत ‘अनंत’ किती दूर धरायचा, हा प्रश्नही याच सूत्रातून सुटतो. सीमास्तराबाहेर तापमान ज्या दराने विरत जातं तो दर म्हणजे प्रांटल भागिले वर्गमूळ (१ + एम). प्रांटल ७ ला १० वर क्षेत्र कापलं तर काही बिघडत नाही. प्रांटल ०.७ आणि एम ९ असेल, तर १० या अंतरावर तापमान अजून पृष्ठाच्या ११ टक्के शिल्लक असतं. तिथे तुम्ही जबरदस्तीने शून्य लादता, सॉल्व्हर निमूटपणे मानतो आणि रेसिड्युअलही (समीकरणात उरलेली चूक) सुंदर दिसतं. म्हणून क्षेत्राची लांबी दुप्पट करून उत्तर हलतं का ते पाहायचं, आणि शेवटच्या टोकाला फलाबरोबर त्याचा उतारही शून्याला टेकतो का तेही. ‘अनंत = १०’ असं एकदा ठरवून सगळे आलेख काढणं ही या विषयातली सगळ्यात जुनी खोड आहे.

आता मुख्य मुद्दा. सगळे परिमाणरहित पॅरामीटर बाजूला ठेवा आणि खरे आकडे घ्या: पाणी, १० नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह-ऑक्साइडचे) कण, आकारमानाने १ टक्का, तापमानातला फरक १० अंश, ताणाचा दर सेकंदाला १. सीमास्तराची जाडी साधारण १ मिलिमीटर येते.

पहिल्यांदा एम. तो म्हणजे विद्युतवाहकता गुणिले चुंबकीय क्षेत्राचा वर्ग, भागिले घनता आणि ताणाचा दर. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स, आणि क्षेत्र १ टेस्ला घेऊ, जे प्रयोगशाळेत बऱ्यापैकी मोठं मानलं जातं. एम येतो ०.००५. साध्या गोड्या पाण्याची वाहकता याच्या शंभराव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून कमी, म्हणजे एम आणखी दोन घरं खाली. एम १ हवा असेल तर समुद्राच्या पाण्यातही ताणाचा दर ०.००५ वर आणावा लागतो. आणि इतक्या संथ प्रवाहात, उभ्या पृष्ठावर १० सेंटिमीटर उंचीला, १० अंशांच्या फरकाने निर्माण होणारं उत्प्लावक बल जडत्वाच्या काही हजार पट असतं. म्हणजे ज्या स्थितीत चुंबकीय पॅरामीटर १ होतो, त्या स्थितीत तुमचं मूळ गृहीतकच, की प्रवाह ताणामुळे चालतो, मोडीत निघतं.

मग एनबी, ब्राउनियन पॅरामीटर. आइन्स्टाइन-स्टोक्स सूत्राने १० नॅनोमीटरच्या कणाचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ४.४ × १०⁻¹¹ चौरस मीटर येतो. त्याला १ टक्का सांद्रता आणि उष्णताधारकतेच्या गुणोत्तराने गुणून पाण्याच्या गतिक व्हिस्कॉसिटीने भागलं की एनबी येतो एक कोटीत ४ च्या जवळपास. निबंधांत सर्रास ०.१ ते ०.५ घेतलेला असतो. फरक लाखो पटींचा आहे. थर्मोफोरेसिसचा एनटी याच आकड्यांनी दहा लाखांत ६ च्या आसपास पडतो. म्हणजे ऊर्जेच्या समीकरणातली ही दोन्ही पदं प्रत्यक्षात नसल्यातच जमा आहेत. ही पदं जिथून आली तो बुओंजोर्नोचा २००६ चा मूळ निबंध नीट वाचला तर तोही हेच सांगतो: कणांच्या हालचालीने थेट वाहून नेलेली उष्णता नगण्य असते. कणांची सांद्रता जागोजागी बदलते आणि तिच्यामुळे व्हिस्कॉसिटी व उष्णतावाहकता बदलते, तिथे काय तो परिणाम. त्याचं समीकरण सगळ्यांनी उचललं, पण हा निष्कर्ष फार थोड्यांनी.

गंमत अशी की एनटी आणि एनबी यांचं गुणोत्तर मात्र १० ते २० च्या दरम्यान येतं. ते सांद्रतेच्या समीकरणात बसतं, त्यामुळे तापमानावर परिणाम न करताही थर्मोफोरेसिस कणांना गरम पृष्ठापासून दूर ढकलतो. तिथे सीमा-अटीचं महत्त्व येतं. पृष्ठावर कणांची सांद्रता ठरवून देणं कुणाच्याच हातात नसतं. २०१४ मध्ये कुझ्नेत्सोव्ह आणि नील्ड यांनी आपलंच आधीचं मॉडेल सुधारून पृष्ठावर कणांचा एकूण प्रवाह शून्य अशी अट घातली. तुम्ही अजून जुनी अट वापरत असाल तर हा बदल आधी करा, कोडमध्ये एका ओळीचं काम आहे.

श्मिट संख्या, म्हणजे व्हिस्कॉसिटी भागिले कणांचा विसरण गुणांक, साधारण २३,००० येते. निबंधांत ती ५, १०, फार तर २५. खऱ्या आकड्याने सांद्रतेचा थर वेगाच्या थरापेक्षा दीडशे पट पातळ होतो. इथे तुमचा बीव्हीपी४सी खरोखर कुरकुरेल: सम अंतराची जाळी चालणार नाही, पृष्ठाजवळ बिंदू दाट करावे लागतील आणि श्मिट १० वरून हळूहळू वाढवत, प्रत्येक उत्तर पुढच्यासाठी प्रारंभिक अंदाज म्हणून वापरत जावं लागेल. माझ्या मते निबंधांतली श्मिट संख्या लहान असण्याचं खरं कारण हेच आहे. सोडवायला सोपी जाते.

एक्रट संख्येचंही (द्रवाच्या घर्षणातून किती उष्णता तयार होते त्याच्या मापाचं) असंच. पृष्ठाचा वेग सेकंदाला १ मीटर धरला तरी पाण्यासाठी आणि १० अंशांसाठी ती ०.००००२४ येते. श्यान उष्णतानिर्मितीचा ०.५ एक्रटचा आलेख हा पाण्याचा आलेख नव्हेच.

चुंबकत्वाबद्दल आणखी एक. द्रवात मॅग्नेटाइट आहे म्हणून लॉरेंट्झ बल घालणं हा दोन वेगळ्या विषयांचा घोळ आहे. लॉरेंट्झ बल विद्युतवाहक द्रवावर चालतं, वितळलेल्या धातूंत ते महत्त्वाचं. लोहद्रवावर, ज्याचं शास्त्र रोझेन्सवाइग आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उभं केलं, मुख्यतः चालतं ते केल्विन बल: चुंबकन गुणिले क्षेत्राचा उतार. तुमचं लागू केलेलं क्षेत्र एकसमान असेल आणि द्रवाचं चुंबकनही सगळीकडे सारखं असेल तर ते बल शून्य असतं. तापमान वाढलं की चुंबकन घटतं, म्हणून उतार असलेल्या क्षेत्रात थंड द्रव चुंबकाकडे खेचला जातो आणि गरम द्रव मागे ढकलला जातो. याला थर्मोमॅग्नेटिक अभिसरण म्हणतात, त्याच्या स्थिरतेचं विश्लेषण फिनलेसनने १९७० मध्ये केलं. उष्णता-संक्रमणाला खरी मदत होऊ शकते ती या यंत्रणेने. तुमच्या शीर्षकात ‘चुंबकीय नॅनोफ्लुइड’ असेल आणि समीकरणात फक्त लॉरेंट्झ पद असेल, तर परीक्षकाची शंका रास्त आहे.

नॅनोकणांनी उष्णता किती वाढते याबद्दलही पाय जमिनीवर ठेवा. मॅक्सवेलच्या सूत्राने १ टक्का कणांनी उष्णतावाहकता फार तर ३ टक्के वाढते, आणि आइन्स्टाइनच्या सूत्राने व्हिस्कॉसिटी २.५ टक्के. २००९ मध्ये ३० हून अधिक संस्थांनी एकाच प्रकारचे नमुने मोजून पाहिले तेव्हा वाहकतेचे आकडे जुन्या सिद्धांताशी चांगले जुळले, चमत्कारिक वाढ आढळली नाही. निकाल देताना निव्वळ नुसेल्ट संख्या देऊ नका. ती मूळ पाण्याच्या वाहकतेवर बेतली आहे की नॅनोफ्लुइडच्या, यावरून वाढ की घट हेच उलटू शकतं. उष्णता-संक्रमण गुणांक द्या, आणि शक्य तर तेवढ्याच पंपशक्तीला साध्या पाण्याने काय मिळालं असतं तेही.

आता सूक्ष्मजीव. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

जायरोटॅक्सिस ही संकल्पना केसलरने १९८५ च्या सुमारास मांडली आणि पेडली, हिल यांच्याबरोबर तिचं गणित उभं राहिलं. क्लॅमिडोमोनाससारख्या शैवालपेशीचं वस्तुमानकेंद्र तिच्या भौमितिक केंद्राच्या किंचित मागे असतं. गुरुत्वाकर्षण तिला सरळ उभं करू पाहतं, प्रवाहाचा कातर तिला फिरवू पाहतो, आणि या दोन आघूर्णांच्या तोलातून पोहण्याची दिशा ठरते. पेशी सुमारे १० मायक्रोमीटरची, पाण्यापेक्षा जवळपास ५ टक्के जड, वेग सेकंदाला १०० मायक्रोमीटरच्या आतबाहेर. वर पोहून पृष्ठभागाजवळ गर्दी झाली की वरचा थर जड होतो आणि कोसळतो. हे जैवअभिसरण.

तुमच्या समीकरणात सूक्ष्मजीवांचं जे पद आहे ते पुन्हा पाहा. त्यात पेशींचा वेग नॅनोकणांच्या सांद्रतेच्या उताराच्या प्रमाणात घेतला आहे. त्यात गुरुत्वाकर्षण नाही, कातर नाही, आघूर्णाचा तोल नाही. हे जायरोटॅक्सिस नव्हेच. हा रसायनाकडे ओढल्या जाणाऱ्या जीवाणूंच्या समीकरणाचा साचा आहे, ज्यात मूळ ठिकाणी ऑक्सिजनची सांद्रता होती. बॅसिलस सबटिलिस ऑक्सिजनच्या दिशेने पोहतो, म्हणून तिथे ते पद अर्थपूर्ण होतं. निबंधामागून निबंध निघत गेले तसा ऑक्सिजनच्या जागी नॅनोकण आले आणि वर ‘जायरोटॅक्टिक’ ही पाटी लागली. शैवाल मॅग्नेटाइटच्या कणांचा माग काढत कशासाठी पोहेल?

आणि समजा पोहत असलं, तरी आकडे घाला. वर काढलेला सांद्रतेचा थर १ मिलिमीटरचा दीडशेवा हिस्सा, म्हणजे सुमारे ७ मायक्रोमीटर. पेशी १० मायक्रोमीटरची. ज्या उताराने पेशींना दिशा मिळते असं आपण म्हणतो, तो अख्खा उतार एका पेशीच्या आत मावतो. घन सेंटिमीटरला १० लाख पेशी धरल्या तरी दोन पेशींमधलं सरासरी अंतर १०० मायक्रोमीटर पडतं, म्हणजे संपूर्ण सीमास्तराच्या जाडीत जेमतेम दहा पेशी. सलग माध्यमाचं गृहीतक इथे आधीच ताणलेलं आहे.

खरं जायरोटॅक्सिस घातलं तर काय होईल? पेशी सरळ उभी राहायला काही सेकंद घेते. प्रवाहाची भ्रमिलता (द्रव जागच्या जागी किती वेगाने फिरतो त्याचं माप) या काळाच्या व्यस्तापेक्षा, म्हणजे सेकंदाला काही दशांशांपेक्षा, जास्त झाली की पेशीला स्थिर दिशाच मिळत नाही, ती कोलांट्या खात राहते. तुमच्या पृष्ठावर सुरुवातीपासून १० सेंटिमीटरवर भ्रमिलता सेकंदाला १०० आहे. शिवाय पृष्ठाकडे ओढल्या जाणाऱ्या द्रवाचा वेग सेकंदाला १ मिलिमीटर, पोहण्याच्या दहापट. थोडक्यात, या सीमास्तरात पेशी प्रवासी असतात. पेक्ले संख्येचे (पोहणं विरुद्ध विसरण या मापाचे) तुमचे चार आलेख सुटतात बरोबर, पण ते अशा जीवाचे आहेत जो अस्तित्वात नाही.

उष्णतेचं तर विचारूच नका. प्रयोगांत वारंवार वापरलं जाणारं क्लॅमिडोमोनास निवॅलिस हे बर्फावर वाढणारं शैवाल आहे. पृष्ठ ७० अंशांवर ठेवून जैवअभिसरणाने थंड करायची कल्पना कागदावरच बरी, पेशी काही क्षणांत निकामी होतील. मॉडेलमध्ये तापमानाची मर्यादा लिहून टाका आणि तिच्या आत राहा.

आणखी एक चूक जवळपास सगळीकडे सापडते. पृष्ठ उभं असेल आणि त्याचा वेग अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, तर स्थिर तापमानफरकाला उत्प्लावक पद सिमिलॅरिटीत बसतच नाही, कारण त्याचा गुणक अंतरावर अवलंबून राहतो. तापमान, कण आणि पेशी या तिघांचा पृष्ठावरचा फरक अंतराच्या प्रमाणात वाढवावा लागतो, आणि मग तिन्ही समीकरणांत एक जादा पद येतं. ते पद न घालता जैवअभिसरणाच्या रॅले संख्येला (उत्प्लावक बलाच्या मापाला) ‘स्थानिक’ म्हणून पुढे जाणं म्हणजे सिमिलॅरिटी मोडून ती टिकल्याचा आव आणणं.

मग करायचं काय? माझा सल्ला: सीमास्तर सोडा. जैवअभिसरण जिथे खरोखर घडतं तिथे जा, म्हणजे काही मिलिमीटर खोलीचा संथ थर किंवा बंद पोकळी, काही अंशांचा तापमानफरक. द्विमितीय, काळानुसार बदलणारी गणना, मर्यादित आकारमान पद्धतीने. आधी जीव आणि चुंबक काढून टाकून गरम-थंड भिंतींच्या चौरस पोकळीचं द व्हाल डेव्हिस यांचं १९८३ चं मानक उत्तर मिळवा: रॅले १,००० ला सरासरी नुसेल्ट १.११८, १०,००० ला २.२४३, एक लाखाला ४.५१९, दहा लाखांना ८.८००. मग पेशी घाला. त्यांचं समीकरण नेहमी प्रवाहाच्या रूपात ठेवा: वहन, पोहणं आणि विसरण या तिघांचा मिळून एक प्रवाह, भिंतीवर तो एकूण शून्य. पोहण्याचं पद उलगडून दोन वेगळ्या अवकलजांत लिहिलंत तर पेशींची एकूण संख्या हळूहळू गळायला लागते. दर काही पावलांनी ती मोजा. ती यंत्राच्या अचूकतेपर्यंत स्थिर राहिली पाहिजे आणि कुठेही ऋण होता कामा नये. मध्यवर्ती अंतर वापरत असाल तर पेशींच्या थराजवळ जाळीची पेक्ले संख्या (वेग गुणिले जाळीचं अंतर, भागिले विसरण गुणांक) २ च्या खाली ठेवा, नाहीतर मर्यादकासह अपविंड (प्रवाह येतो त्या बाजूचे आकडे घेणारी) पद्धत घ्या.

आणि चुंबक व सूक्ष्मजीव खरंच एकत्र हवे असतील तर त्यासाठी निसर्गाने स्वतःच जीव दिला आहे. ब्लेकमोरने १९७५ मध्ये वर्णन केलेले मॅग्नेटोटॅक्टिक जीवाणू पोटात मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची साखळी बाळगतात. त्यांचं चुंबकीय आघूर्ण इतकं असतं की पृथ्वीच्या क्षुल्लक क्षेत्रातही चुंबकीय ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या दहापट भरते, आणि लांजेव्हिनच्या सूत्राने सरासरी दिशा ९० टक्के क्षेत्राला धरून राहते. इथे पोहण्याची दिशा थेट क्षेत्रातून मिळते, कणांच्या काल्पनिक उताराची गरज उरत नाही, आणि मिलिटेस्लाच्या आतल्या क्षेत्राने काम भागतं.

हातातला निबंध टाकून द्यायला मी सांगत नाही. क्रेनचं सूत्र आणि वरची प्रांटलची युक्ती वापरून पडताळणीचा तक्ता घाला, कणांची सीमा-अट बदला, खऱ्या द्रवासाठी प्रत्येक पॅरामीटर किती येतो याचा एक तक्ता द्या, आणि शीर्षकातून ‘जायरोटॅक्टिक’ काढा. परीक्षकाला उत्तर देताना सरळ लिहा की एम १ च्या वरचे आलेख गणिती वर्तन दाखवण्यापुरते आहेत, पाण्यावर आधारित द्रवात ती स्थिती येत नाही. काही परीक्षक यावर निबंध नाकारतील, ती शक्यता धरूनच पाठवा.